डासाच्या पोटातले कोडे : डॉ. रोनाल्ड रॉस

डासाचा पण एक दिवस असतो हे तुम्हाला माहीत आहे का? बैलाचा पोळा असतो, नागाची पंचमी असते, तसा २० ऑगस्ट हा डासाचा दिवस. पण त्या दिवशी डासाला कोणी नैवेद्य दाखवत नाही. १८९७ साली त्या तारखेला एका डॉक्टरांनी एका डासाचे पोट फाडून पाहिले, आणि हिवताप कसा पसरतो ते कोडे सुटायला लागले. त्या डॉक्टरांचे नाव रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातल्या अलमोडा या गावी झाला. १८५७ म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलेच असेल. तीनच दिवस आधी, १० मेला, मेरठच्या शिपायांनी उठाव केला होता. रॉस यांचे वडील इंग्रजांच्या फौजेत अधिकारी होते. म्हणजे ते समोरच्या बाजूचे. पण तीन दिवसांच्या बाळाला कसली बाजू असते? रॉस यांना पुढे नऊ भावंडे झाली. हे सगळ्यांत थोरले.

ते आठ वर्षांचे झाल्यावर त्यांना शिकायला विलायतेला पाठवून दिले. तेव्हा साहेब लोक आपल्या मुलांना असेच पाठवत. आठ वर्षे म्हणजे आपल्या तिसरीतला मुलगा. आईवडील इकडे, मुलगा तिकडे नातेवाइकांकडे आणि मध्ये एवढा मोठा समुद्र. तिकडे त्यांना चित्रे काढायचा नाद लागला. गाण्याचा लागला. कविता करायचा लागला. गणितात तर बक्षीस मिळाले. त्यांना लेखक नाहीतर चित्रकार व्हायचे होते. पण वडिलांनी ठरवले की मुलाने डॉक्टर व्हायचे आणि हिंदुस्थानात नोकरी करायची. वडिलांपुढे कोण बोलणार? १८७४ साली ते लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या कॉलेजात गेले. तिथेसुद्धा त्यांचे लक्ष कविता आणि नाटके लिहिण्यात जास्त. एका परीक्षेला त्यांना दोनदा बसावे लागले. मधल्या काळात त्यांनी जहाजावर डॉक्टरची नोकरी केली. शेवटी १८८१ साली पास झाले आणि सरकारी डॉक्टर होऊन हिंदुस्थानात आले. त्यांची नेमणूक मद्रासकडे झाली.

आता थोडे हिवतापाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचे कळायचे नाही.

हिवताप म्हणजेच मलेरिया. आपल्याकडे म्हातारी माणसे थंडीताप म्हणतात. आधी अशी हुडहुडी भरते की अंगावर दोन गोधड्या आणि वर घोंगडी टाकली तरी दात वाजायचे थांबत नाहीत. मग अंग तव्यासारखे तापते. मग दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. वाटते की बरे झाले. पण एक दिवस मध्ये गेला की परत हुडहुडी. माणूस पिवळा पडतो, पोटात डाव्या बाजूला पानथरी वाढते, शेतात काम होत नाही. एक जातीचा हिवताप तर डोक्यात जातो आणि त्यात माणूस मरतो.

हा ताप हजारो वर्षांचा जुना आहे. पण तो कशाने येतो ते कोणाला ठाऊक नव्हते. लोकांना एवढे दिसत होते की जिथे दलदल आणि साचलेले पाणी असते तिथे ताप जास्त. मग ते म्हणायचे, दलदलीतून घाण हवा निघते, ती नाकात गेली की ताप येतो. मलेरिया हे नावच तसे पडले. इटलीच्या भाषेत मल म्हणजे वाईट आणि आरिया म्हणजे हवा. त्यामुळे लोक काय करत, तर रात्री खिडक्या घट्ट लावून घेत. गंमत म्हणजे त्याने थोडा फायदा पण व्हायचा. हवा नाही, पण डास बाहेर राहायचे!

औषध मात्र होते. ते म्हणजे कोयनेल. सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीपासून ते करतात. कारल्यापेक्षा दहापट कडू असते म्हणे. त्याने ताप जायचा, पण पुढच्या पावसाळ्यात परत यायचा. कारण ताप कुठून येतो तेच माहीत नव्हते.

आता परत रॉस यांच्याकडे येऊ. १८८३ साली ते बंगलोरला होते. राहायला चांगला बंगला मिळाला, पण त्यात डासांनी नुसता उच्छाद मांडला होता. त्यांच्या खोलीत तर इतरांपेक्षा जास्त. त्यांनी शोधून पाहिले तर खिडकीबाहेर पाण्याचे एक पिंप होते आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या. त्यांनी ते पिंप सरळ पालथे केले. थोड्या दिवसांत खोलीतले डास एकदम कमी झाले.

तेव्हा त्यांना डासांचा आणि हिवतापाचा काही संबंध आहे हे माहीत नव्हते. नुसते चावतात म्हणून राग. पण त्यांनी वरच्या अधिकाऱ्याला जाऊन सांगितले की जेवणघरातले डास पण असेच जातील. बागेतली पिंपे, टेबलाखालचे पाण्याचे डबे, फुलदाण्या, सगळ्यांत अळ्या झाल्या आहेत, ते पाणी ओतून टाकू या. त्या अधिकाऱ्याने नकार दिला. तो म्हणाला की डास देवाने काहीतरी कामासाठीच केले असतील, आपण ते सोसले पाहिजेत. मला ही गोष्ट वाचून हसू आले, पण नंतर वाटले की रॉस यांना पुढे आयुष्यभर असेच अधिकारी भेटले.

असे करत बरीच वर्षे गेली. मध्ये १८८९ साली त्यांचे लग्न झाले. बायकोचे नाव रोझा. नोकरी चालू होती, कविता चालू होत्या, कादंबऱ्या पण लिहिल्या. पण हिंदुस्थानात जिथे जावे तिथे तापाने माणसे मरताना दिसायची. ते त्यांच्या मनाला लागले.

इकडे फ्रान्स देशाच्या लाव्हरान नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १८८० साली आफ्रिकेतल्या अल्जीरियामध्ये एका तापकऱ्याच्या रक्तात एक जिवंत प्राणी पाहिला होता. इतका बारीक, की तो रक्ताच्या एका लाल पेशीत शिरून बसतो. आपल्या रक्ताच्या एका थेंबात अशा लाखो पेशी असतात, म्हणजे बघा. अशा प्राण्याला परजीवी म्हणतात. आंब्याच्या झाडावर बांडगूळ उगवते आणि झाडाचा रस पिऊन जगते, तसा हा माणसाच्या जिवावर जगतो. लाल पेशी खातो, एकाचे अनेक होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. त्या सगळ्या एका वेळी फुटल्या की आपल्याला हुडहुडी भरते. या परजीवीच्या अंगात काळे काळे कण असतात. हे काळे कण लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

रॉस यांनी पण तो शोधायचा प्रयत्न केला, पण त्यांना काही दिसला नाही. त्यांना वाटले, लाव्हरान यांचे खोटे असेल. १८९४ साली ते रजेवर लंडनला गेले तेव्हा पॅट्रिक मॅन्सन नावाच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून तो परजीवी नीट दाखवला. मॅन्सन हे चीनमध्ये राहून आलेले. हत्तीरोगाचे जंत डासाच्या पोटात जातात हे त्यांनीच शोधले होते. त्यांनी रॉस यांना सांगितले की मला वाटते हिवतापाचा परजीवी पण डासच नेत असावा. पण पुढे त्यांची कल्पना अशी होती की डास पाण्यात मरतो, परजीवी पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. म्हणजे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक.

रॉस तेच डोक्यात घेऊन १८९५ साली परत आले. मुंबईला जहाजातून उतरले आणि सामान सुटायच्या आत इस्पितळात जाऊन तापाचे रोगी शोधायला लागले. मग सिकंदराबादला गेले. तिथल्या फौजेचे ते डॉक्टर होते.

ते काम कसे करायचे ते ऐका. आधी डबक्यातून अळ्या आणायच्या. त्या बाटलीत वाढवायच्या. अळीचा कोश होतो आणि कोशातून डास निघतो. बाटलीत जन्मलेला डास कोणालाच चावलेला नसतो, म्हणजे तो कोरा. मग तापाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवायचे आणि डास आत सोडायचे. आपण मच्छरदाणी डास बाहेर ठेवायला लावतो, यांनी डास आत ठेवायला लावली! डास रक्त पिऊन फुगले की परत बाटलीत धरायचे. मग रोज एकेक डास काचेवर घेऊन सुईने फाडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे अंग अंग बघायचे. डास केवढा, त्याचे पोट केवढे! एक डास नीट बघायला तास दोन तास लागायचे.

असे दोन वर्षे केले आणि काहीच सापडले नाही. त्यांनी डास मेलेले पाणी काही माणसांना पाजून पण पाहिले. ती माणसे पैसे घेऊन तयार झाली होती. मला हे आवडले नाही. गरीब माणूस पैशासाठी काहीपण पितो. पण त्याने कोणाला खरा हिवताप झाला नाही, म्हणून ती पाण्याची कल्पना मागे पडली.

मध्येच सरकारने त्यांना पटकीची साथ आवरायला बंगलोरला पाठवले. तिथे गटारे साफ करायचे काम त्यांनी केले. १८९७ साली उटीच्या बाजूला हिवतापाच्या भागात फिरताना त्यांनाच हिवताप झाला. कोयनेल खाऊन बरे झाले आणि जूनमध्ये परत सिकंदराबादला येऊन कामाला लागले.

दोन वर्षे का सापडले नाही, त्याचे कारण सांगतो. डासांच्या पुष्कळ जाती असतात. रॉस ज्यांना फाडत होते ते राखी रंगाचे नाहीतर पट्ट्यापट्ट्यांचे डास होते. त्या जातींचे डास माणसाचा हिवताप नेतच नाहीत. तुम्ही हजार फाडले तरी त्यात काही मिळणार नाही. म्हणजे कुलूप खरे, पण किल्ली दुसऱ्याच घराची.

ऑगस्ट महिन्यात त्यांच्या माणसांनी एका बाटलीत वेगळ्याच अळ्या आणल्या. त्यातून तपकिरी डास निघाले. त्यांच्या पंखांवर ठिपके होते. भिंतीवर बसताना ते शेपूट वर करून तिरके बसायचे. आता आपण त्या जातीला ॲनॉफिलीस म्हणतो. १६ ऑगस्टला हे डास हुसेन खान नावाच्या रोग्याला चाववले. हुसेन खानला हिवताप झालेला होता आणि त्याच्या रक्तात परजीवी होते. रॉस त्याला दर डासामागे एक आणा द्यायचे. तेव्हा सोळा आण्यांचा रुपया असायचा.

मग रोज डास फाडणे सुरू. थोडे डास मेले, थोडे फाडून झाले. २० ऑगस्टला अगदी दोनतीन उरले होते. त्या दिवशी खूप उकाडा होता. पंखा ओढणारा माणूस होता, पण पंखा ओढला तर फाडलेला डास उडून जाईल, म्हणून पंखा बंद. कपाळाचा घाम पडून पडून सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. काचेला तडा गेला होता. दुसरे बारके चिलट तोंडावर बसत होते. एक डास पाहिला, काही नाही. दुसरा घेतला. सगळे अंग पाहून झाले, फक्त पोटाची पिशवी राहिली. डोळे दुखायला लागले होते. वाटले, जाऊ दे. पण पाहिलेच. तर पोटाच्या भिंतीत एक गोल पेशी दिसली. डासाच्या पोटात अशी गोल पेशी कधी नसते. आणि तिच्या आत काळे कण होते! तेच, हिवतापाच्या परजीवीत असतात ते काळे कण. मी सांगितले होते ना लक्षात ठेवा म्हणून.

पण एकदा दिसले म्हणजे खरेच असे रॉस यांनी धरले नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचा डास फाडला. त्यातल्या पेशी आदल्या दिवसापेक्षा मोठ्या झालेल्या होत्या. म्हणजे परजीवी डासाच्या पोटात मरत नाही, तिथे वाढतो. त्या आनंदात रॉस यांनी एक कविता केली आणि बायकोला पाठवली. कवितेचा नाद वाया नाही गेला.

तुम्हाला वाटेल की आता सरकारने त्यांना शाबासकी दिली असेल. तसे काही नाही. सरकारने सप्टेंबरमध्ये त्यांची बदली केली. आधी मुंबई आणि तिथून राजपुतान्यात खेरवाड्याला, जिथे हिवतापच नव्हता. आंब्याच्या दिवसांत पोराला बाभळीच्या रानात नेऊन बसवायचे, त्यातली ही गत. रॉस चिडले, नोकरी सोडतो म्हणाले. मॅन्सन यांनी लंडनहून पुष्कळ खटपट केली, तेव्हा १८९८ साली त्यांना कलकत्त्याला सहा महिने संशोधनासाठी पाठवले.

तिथे दुसरेच संकट. तेव्हा प्लेगची साथ होती. आपल्या पुण्याला १८९७ साली रँड साहेबाच्या सोजिरांनी प्लेगच्या नावाखाली घरात घुसून लोकांना छळले आणि चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली, हे आपण इतिहासात ऐकले आहे. कलकत्त्याच्या लोकांना पण सरकारी सुईची धास्ती बसली होती. रॉस बोटाला सुई टोचायला गेले की रोगी पळून जायचे, पैसे दिले तरी. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्याकडे आताही आरोग्यवाले बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायला आले की काही जण परसातून पसार होतात, आणि इथे तर कोणी छळत पण नाही.

माणसे मिळेनात म्हणून रॉस यांनी चिमण्या आणि चंडोल घेतले. पाखरांना पण त्यांचा वेगळा हिवताप होतो आणि तो राखी डास नेतो. महंमद बक्ष नावाचा त्यांचा मदतनीस होता. पाखरे धरणे, डास पाळणे, डबकी शोधणे ही कामे तो करायचा. इतका काम करायचा की तिथेच झोपायचा.

आजारी पाखराला डास चाववले आणि रॉस रोज फाडून बघायला लागले. पोटातली पेशी मोठी मोठी होत फुगते आणि फुटते. त्यातून हजारो बारीक काड्यांसारखे जीव निघतात आणि डासाच्या अंगभर पसरतात. पण मग कुठे जातात? ४ जुलै १८९८ ला ते सापडले. डासाच्या डोक्यामागे मानेजवळ लाळेच्या गाठी असतात, तिथे ते सगळे गोळा होऊन बसले होते. डास चावतो तेव्हा आधी आपली लाळ आपल्या अंगात सोडतो, रक्त गोठू नये म्हणून. त्याच लाळेबरोबर हे आत शिरतात. म्हणजे पाणी पिऊन नाही, वाईट हवेने नाही, डास चावूनच. खात्री करायला त्यांनी ते डास चांगल्या ठणठणीत चिमण्यांना चाववले. काही दिवसांनी त्या चिमण्यांच्या रक्तात परजीवीच परजीवी.

कोडे सुटले. आजारी माणूस, त्याला डास, डासाच्या पोटात दहा बारा दिवस वाढ, मग लाळ, मग दुसरा माणूस. आणि हे काम फक्त मादी करते. नर डास फुलांचा रस पितो. मादीला अंडी घालायला रक्त लागते. अंडी ती साचलेल्या पाण्यात घालते आणि आठ दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणूनच दर आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आठवड्यातून एकदा भांडे पालथे झाले की अळीला डास व्हायला वेळच मिळत नाही.

त्याच वर्षी इटलीच्या ग्रासी नावाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाचा हिवताप ॲनॉफिलीस डासात शेवटपर्यंत वाढतो हे दाखवले. मग शोध पहिला कोणाचा यावर रॉस आणि ग्रासी यांचे मोठे भांडण झाले. ते वर्षानुवर्षे चालले. एवढे हुशार लोक, पण एकमेकांना काय काय बोलले. माझ्या मते दोघांचे पण काम खरे होते. १९०२ साली नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रॉस यांना मिळाले. हिंदुस्थानात जन्मलेल्या माणसाला मिळालेले ते पहिले नोबेल. लाव्हरान यांना पुढे १९०७ साली मिळाले. ग्रासी यांना मिळाले नाही. हुसेन खानला आणे मिळाले.

१८९९ साली रॉस हिंदुस्थान सोडून लिव्हरपूलला शिकवायला गेले. आता त्यांच्या मनात एकच होते, शोध लागला तर तो वापरायचा. डास पाण्यात जन्मतो, तर पाण्याचा बंदोबस्त करायचा. बंगलोरचे पिंप पालथे केले तेच, पण आता गावेच्या गावे. ते आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले आणि तिथली डबकी बुजवायची मोहीम काढली. ती नीट चालली नाही. पैसे पुरले नाहीत आणि काम सोडले की पावसाळ्यात डबकी परत तयार.

पण इस्माइलियाला जमले. हे गाव इजिप्तमध्ये सुएझ कालव्यावर आहे. नाईल नदीचे गोडे पाणी तिथे पाटाने आणले आणि पाण्याबरोबर हिवताप आला. वर्षाला २००० च्या आसपास लोक तापाने पडायचे. कालव्याच्या कंपनीने १९०२ साली रॉस यांना बोलावले. त्यांनी सगळे गाव फिरून पाहिले. मग डबकी बुजवली, पाटाचे पाणी वाहते केले, घरांच्या खालच्या सांडपाण्याच्या खड्ड्यांत दर आठवड्याला तेल ओतायला माणसे लावली. पाण्यावर तेलाचा तवंग आला की अळीला वर येऊन श्वास घेता येत नाही आणि ती मरते. १९०३ साली ताप आलेले लोक राहिले २०० च्या आसपास. दोन वर्षांनी तर पन्नाससुद्धा नाहीत. यात कोणते मोठे औषध नव्हते, यंत्र नव्हते. फावडी, घमेली आणि तेलाचे डबे.

तरी लोक म्हणायचे की जगातले सगळे डास मारणे शक्य आहे का? उगाच पैसा घालवू नका. तेव्हा रॉस यांना त्यांचे लहानपणचे गणित उपयोगी पडले. त्यांनी हिशोब मांडला. तो मला समजला तसा सांगतो. समजा गावात एक माणूस आजारी आहे. आधी डासाने नेमके त्यालाच चावायला पाहिजे. मग तो डास दहा बारा दिवस जगायला पाहिजे, आणि पुष्कळ डास त्याआधीच मरतात. कोणाला पाल खाते, कोणाला कोळी. मग जगलेल्या डासाने परत माणसालाच चावायला पाहिजे. तो गोठ्यात जाऊन बैलाला चावला तर फुकट. एवढे सगळे जमून यायला गावात डास खूपच पाहिजेत. ते एका ठरावीक आकड्याच्या खाली आले, तर एका आजाऱ्यापासून एक नवा आजारीसुद्धा तयार होत नाही आणि ताप आपोआप विझत जातो. म्हणजे सगळे डास मारायची गरजच नाही, पुरेसे कमी करायचे. शेकोटीतली सगळी लाकडे काढावी लागत नाहीत, बरीचशी ओढली की विझते, तसे. हा हिशोब त्यांनी १९१० साली एका मोठ्या पुस्तकात छापला. साथी कशा पसरतात याचे गणित शास्त्रज्ञ अजून त्याच पद्धतीने पुढे नेतात. करोनाच्या वेळी, २०२० साली, साथ वाढणार का ओसरणार ते सांगायला असेच गणित मांडत होते.

१९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. पण त्यांचा स्वभाव तापट होता आणि मनात एक सल राहिली होती. देवीची लस काढणाऱ्या जेन्नर यांना तिकडच्या सरकारने मोठी रक्कम दिली होती, मला का नाही, असे ते म्हणायचे. सरकारने दिली नाही. १९२८ साली पैशासाठी त्यांनी आपली सगळी जुनी पत्रे आणि वह्या विकल्या. त्याच्या आदल्या वर्षी ते कलकत्त्याला येऊन गेले होते. ज्या इस्पितळात त्यांनी चिमण्यांवर काम केले, तिथे त्यांच्या नावाची कमान उभारली होती. १९३१ साली त्यांची पत्नी वारली आणि १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडनला रॉस वारले.

त्यांच्यानंतर पण ही गोष्ट संपली नाही. रॉस यांना एक कळले नव्हते की चावल्यावर पहिले काही दिवस परजीवी रक्तात दिसत का नाही. ते १९४८ साली कळले. तो आधी माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, लपून बसतो.

आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख मरायचे. १९५३ पासून सरकारने घरोघर डीडीटीची फवारणी सुरू केली. गावातली म्हातारी माणसे सांगतात की भिंती पांढऱ्या व्हायच्या, वास यायचा, बायका सारवलेली भिंत खराब होते म्हणून कुरकुरायच्या. पण त्याने १९६५ साली देशात वर्षाला फक्त लाखभर रोगी राहिले. सगळ्यांना वाटले, गेला हिवताप. मग काम ढिले पडले, डासांना डीडीटी पचायला लागली आणि १९७६ साली रोगी झाले चौसष्ट लाख! मला वाटते रॉस असते तर लई चिडले असते. नंतर परत काम सुरू झाले. रक्त तपासणे, गोळ्या, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, आणि हौदात विहिरीत गप्पी मासे सोडणे. गप्पी मासा अळ्या खातो. आता आपल्याकडे हिवताप पुष्कळ कमी झाला आहे. गडचिरोलीच्या जंगलात मात्र अजून बराच आहे.

जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे सहा लाख माणसे मेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि तीपण पाच वर्षांच्या आतली मुले. म्हणजे अजून शाळेत पण न आलेली. त्यांच्यासाठी आता लस निघाली आहे. पहिली २०२१ साली मान्य झाली, दुसरी २०२३ साली. दुसरी लस इंग्लंडच्या ऑक्सफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी शोधली, पण तयार होते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. २०२४ पासून तिच्या पेट्या पुण्याहून आफ्रिकेत जातात.